घोड्याची चंदी, हिरवी वैरण आणि ‘ई’ जीवनसत्त्व

घोड्याचा विषय निघाला की महाराष्ट्राला प्रथम आठवते ती मराठ्यांची पागा आणि भीमथडीचे तट्टू. परंतु आज या राज्यात जी घोडी गावोगाव दिसतात, त्यांतील फारच थोडी शर्यतीच्या मैदानावरची आहेत. बाकीची सारी पोटासाठी राबणारी आहेत. माथेरानच्या डोंगरावर मोटारींना मज्जाव असल्याने तेथे प्रवासी आणि सामान पाठीवर वाहणारे घोडे आहेत. समुद्रकिनाऱ्यावर मुलांना फेरी देणारी तट्टे आहेत, वरातीत नवरदेवाला मिरविणारी घोडी आहे आणि धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहत देशावरून कोकणात उतरणारे भीमथडी तट्टूही अद्याप आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया मात्र उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयानंतर इतिहासजमा झाली.

देशातील घोड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती; २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट झाली. जी जनावरे उरली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मागे एकेक कुटुंब उभे आहे. अशा घरात घोडा हा कमावता माणूसच असतो. तो बसला की चूल थंडावते. म्हणूनच घोडा थोडा मलूल दिसला, पाठीवरचे मांस उतरू लागले, उभ्या उभ्या पाय थरथरू लागले, की घोडेवाला धास्तावतो, दुकानात जातो आणि कोणी सांगेल तो शक्तिवर्धक औषधाचा डबा उधारीने घेऊन येतो. त्या डब्यावर उधळलेल्या घोड्याचे चित्र असते आणि जीवनसत्त्वांची लांबलचक यादी असते. त्या यादीतील ‘ई’ जीवनसत्त्व घोड्याला खरोखर केव्हा लागते, किती लागते आणि ते कमीत कमी पैशात कसे देता येईल, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

‘ई’ जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांवरील प्रयोगांतून लावला. या द्रव्याशिवाय उंदरांची गर्भधारणा टिकत नाही, असे त्यांना आढळले. पुढे त्याला टोकोफेरॉल हे नाव मिळाले, ते ‘प्रसूती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्यामुळे हे केवळ प्रजननाचे जीवनसत्त्व आहे, असा समज दीर्घकाळ रूढ राहिला. वस्तुतः त्याचे मोठे काम निराळेच आहे. स्नायू आणि मज्जातंतू यांच्या पेशींभोवती स्निग्ध पदार्थांचे जे नाजूक आवरण असते, ते प्राणवायूच्या प्रक्रियेने खवट होऊ नये म्हणून हे जीवनसत्त्व पहारा करते. श्रम करणाऱ्या प्राण्याच्या स्नायूंत ही प्रक्रिया अधिक वेगाने चालते. साहजिकच त्याला पहारेकरीही अधिक लागतात.

‘क’ जीवनसत्त्व घोडा आपल्या यकृतात स्वतः तयार करू शकतो. ‘ई’ जीवनसत्त्व त्याला तयार करता येत नाही. ते चाऱ्यातूनच मिळावे लागते आणि त्याचा खरा साठा ताज्या हिरव्या गवतात असतो. कोवळ्या हिरव्या चाऱ्याच्या एका किलो शुष्क भागात सामान्यतः ३० ते १०० आंतरराष्ट्रीय एकके एवढे ‘ई’ जीवनसत्त्व असते. गवत कापले, उन्हात वाळविले आणि गंजी रचून ठेवले की ते झपाट्याने उडून जाते. वाळवणीत आणि साठवणीत निम्म्याहून अधिक जीवनसत्त्व नष्ट होणे ही नित्याची गोष्ट आहे. दाणे भरून पक्व झालेल्या पिकाचा कडबा किंवा भाताचा पेंढा यांत तर ते नावालाच उरते. घोडेवाल्यांचा मोठा विश्वास भिजविलेल्या हरभऱ्यावर असतो. हरभरा बल देतो, प्रथिने देतो, हे खरेच आहे. परंतु दोन किलो हरभऱ्यातून ‘ई’ जीवनसत्त्वाची जेमतेम पंचवीस एकके मिळतात. चंदी कितीही चांगली असली तरी ती हिरव्या चाऱ्याची जागा घेऊ शकत नाही, ती या कारणाने.

मग घोड्याची गरज तरी किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली प्रसिद्ध केलेली प्रमाणे आज सर्वत्र आधारभूत मानली जातात. त्यांनुसार काम न करणाऱ्या प्रौढ घोड्यास त्याच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ एकक पुरते. मध्यम कामाच्या घोड्यास सुमारे १.८, तर जड कामाच्या घोड्यास, दूध पाजणाऱ्या घोडीस आणि वाढत्या शिंगरास २ एकके लागतात. माथेरानच्या चढणीवर दिवसभर फेऱ्या मारणारे ३०० किलो वजनाचे तट्टू घेतले, तर त्याची दैनंदिन गरज हिशेबाच्या सोयीसाठी ६०० एकके धरावी.

ही गरज काही काळ भागली नाही तर लगेच अनर्थ ओढवतो असे नाही, आणि ही बाब दुकानदार सांगत नाहीत. हे जीवनसत्त्व चरबीत आणि यकृतात साठून राहते. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिरवा चारा भरपूर खाल्लेला निरोगी घोडा उन्हाळ्याचे तीन-चार महिने वाळल्या वैरणीवर काढू शकतो. काळजी करावी ती वर्षानुवर्षे एकाच ठाणावर बांधलेल्या, पेंढा, कडबा, कोंडा आणि हरभरा एवढ्यावरच जगणाऱ्या घोड्याची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० साली घोड्यांच्या एका नव्या विकाराचे वर्णन केले. स्नायूंना हालचालीचा आदेश पोहोचविणाऱ्या मज्जापेशी या विकारात मरत जातात. आजारी पडलेली घोडी बहुधा अशी होती की त्यांना वर्षभराहून अधिक काळ हिरवे गवत मिळालेले नव्हते आणि त्यांच्या रक्तातील ‘ई’ जीवनसत्त्व अत्यंत खाली गेलेले होते.

या विकाराची लक्षणे घोडेवाल्याने आणि त्याच्या गावातील कार्यकर्त्यांनी ओळखून ठेवण्यासारखी आहेत. घोडा खातो-पितो, पण वाळत जातो. उभा असताना त्याचे पाय थरथरतात. तो सतत एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, चारही पाय पोटाखाली एकत्र आणतो, मान खाली घालतो आणि नेहमीपेक्षा अधिक वेळ आडवा होतो. चालताना मात्र तो उभे राहण्यापेक्षा बरा दिसतो, आणि येथेच मालकाची फसगत होते. चालतो आहे त्या अर्थी ठीक आहे, नुसता आळसावला आहे, असे समजून त्याच्यावर खोगीर चढविले जाते. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. वेळीच उपचार झाल्यास काही घोडी सावरतात, काहींची अवस्था आहे तेथे थांबते. परंतु पूर्वीचे काम पुन्हा होईलच अशी हमी कोणताही पशुवैद्य देऊ शकत नाही.

मात्र घोडा वाळला म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्वच कमी पडले, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. आपल्याकडे जंत, झिजून धारदार झालेल्या दाढा, सर्रा रोग आणि साधी उपासमार ही त्याहून कितीतरी अधिक आढळणारी कारणे आहेत. दाढ टोचत असल्याने ज्याला चंदी चावता येत नाही, अशा घोड्याला जीवनसत्त्वाचा डबा आणून देणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. प्रथम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावर दाखवावे, जंताचे औषध व दाढांची तपासणी करून घ्यावी आणि सर्रा नसल्याची खात्री करावी. शंका राहिल्यास रक्ततपासणी हा निर्णायक मार्ग आहे. रक्तजलाच्या एका मिलिलिटरमध्ये २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्फा-टोकोफेरॉल असल्यास ते पुरेसे समजतात, १.५ च्या खाली गेल्यास कमतरता मानतात. नमुना उजेडापासून झाकून आणि बर्फात ठेवूनच प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, नाहीतर खोटीच कमतरता दिसते. या तपासणीचा खर्च प्रथमदर्शनी जाचक वाटतो. परंतु नको असलेल्या औषधाचे सहा महिन्यांचे बिल त्याहून सहज मोठे होते.

आता निवडीचा आणि पैशाचा प्रश्न. डब्याची किंमत पाहून औषध स्वस्त की महाग हे ठरविणे, ही या व्यवहारातील मूळ चूक आहे. हिशेब करावयाचा तो एककामागे, आणि त्याला शाळेत शिकविले जाते तेवढे त्रैराशिक पुरते. घोडेवाल्यांची मुले ज्या शाळांत शिकतात, तेथील शिक्षकांनी हेच गणित फळ्यावर घालून पाहावे. पुढील किमती केवळ उदाहरणादाखल धरलेल्या आहेत. ज्याने त्याने आपल्या बाजारातील भाव त्यांच्या जागी घालावेत.

समजा, एका शक्तिवर्धक पेयाची एक लिटरची बाटली ६०० रुपयांस मिळते आणि तिच्या वेष्टनावर १०० मिलिलिटरमध्ये ‘ई’ जीवनसत्त्वाची १०० एकके असल्याचे लिहिले आहे. सांगितलेली मात्रा ३० मिलिलिटर. म्हणजे रोजचे १८ रुपये खर्चून घोड्याच्या पोटात ३० एकके जातात. गरज आहे ६०० ची. ती या बाटलीतून पुरी करावयाची तर रोज ६०० मिलिलिटर पाजावे लागेल, त्यास ३६० रुपये पडतील, आणि त्याबरोबर नको असलेली इतर द्रव्येही पोटात जातील, ती वेगळीच. दुसरीकडे, माणसांच्या औषधाच्या दुकानात ४०० एककांची ‘ई’ जीवनसत्त्वाची गोळी मिळते. ती समजा ४ रुपयांस पडली, तर दीड गोळीच्या हिशेबाने रोजचा खर्च ६ रुपये होतो. तिसरा प्रकार पशुखाद्याच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या पन्नास टक्के भुकटीचा. तिच्या एका किलोत ५ लाख एकके असतात. किलोचा भाव समजा २,००० रुपये असला, तरी ६०० एककांसाठी १.२ ग्रॅम भुकटी लागते आणि तिचे मूल्य २ रुपये ४० पैसे होते. ३६०, ६ आणि २.४० ही तफावत बोलकी आहे.

एक किलो भुकटी एका तट्टाला आठशेहून अधिक दिवस पुरेल, तोवर ती टिकणार नाही, हा आक्षेप योग्य आहे. पण दहा घोडेवाल्यांनी मिळून एक डबा घेतला तर तो तीन महिन्यांच्या आत संपतो. ज्या राज्यात दूध, साखर आणि कापूस सहकाराने उभे राहिले, तेथे दहा तट्टांच्या मालकांना एक डबा वाटून घेणे अवघड असू नये. सव्वा ग्रॅम रोज मोजणेही अशक्य वाटेल. त्यास उपाय असा की १८ ग्रॅम भुकटी गव्हाच्या कोंड्यात एकजीव करून एकूण वजन ७५० ग्रॅम करावे आणि त्यातील ५० ग्रॅम रोज चंदीत द्यावे. ते पंधरा दिवस पुरते. याहून अधिक दिवसांचे मिश्रण करू नये; पावसाळी हवेत कोंडा लवकर खवट होतो आणि खवट स्निग्धांश असलेले जीवनसत्त्वही खाऊन टाकतो. डबा उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावा. लोहयुक्त क्षारांच्या मिश्रणात ही भुकटी आगाऊ कालवून ठेवू नये.

गव्हाच्या अंकुराचे तेल हा अनेकांचा आवडता उपाय आहे. तेल उत्तम, पण हिशेबात बसत नाही. १०० ग्रॅम तेलात सुमारे दोनशे वीस एकके असतात. म्हणजे ६०० एककांसाठी रोज पाव किलोहून अधिक तेल लागेल. चंदीत साधे गोडेतेल वाढविल्याने ‘ई’ जीवनसत्त्वाची गरज भागत नाही, उलट ती वाढते, हेही ध्यानात असावे. मात्र हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबरच रक्तात शोषले जाते, म्हणून ते रिकाम्या पोटी न देता चंदीबरोबर, दोन-तीन चमचे तेल घालून देणे चांगले. घोड्याला पित्ताशय नसते. त्याचे पित्त यकृतातून सतत आतड्यात झिरपत राहते. त्यामुळे थोडे-थोडे, पण नित्य दिलेले खाद्य त्याला मानवते.

वेष्टनावरचा एक बारीक तपशील वाचण्यास शिकले पाहिजे. ‘डी-अल्फा’ असे लिहिले असल्यास ते वनस्पतींपासून काढलेले नैसर्गिक जीवनसत्त्व, आणि ‘डीएल-अल्फा’ असल्यास कारखान्यात तयार केलेले कृत्रिम. कृत्रिम जीवनसत्त्व हे आठ प्रकारच्या घडणींचे मिश्रण असते आणि त्यांतील एकच घडण निसर्गातल्यासारखी असते. त्यामुळे घोड्याच्या रक्तातील पातळी कृत्रिम प्रकाराने सावकाश आणि कमी वाढते. पाण्यात मिसळणाऱ्या नैसर्गिक प्रकाराने ती काही दिवसांतच वर येते. वर सांगितलेली भुकटी आणि औषधाच्या दुकानातील बहुतेक गोळ्या कृत्रिम प्रकारच्या असतात. मग गरिबाने काय करावे? जो घोडा निरोगी आहे, ज्याला थोडा तरी हिरवा चारा मिळतो आणि ज्याची उणीव भरून काढावयाची आहे, त्याला कृत्रिम प्रकार देऊन भागविणे व्यवहाराचे आहे. ज्याच्या रक्तात कमतरता सिद्ध झाली आहे वा ज्याचे पाय थरथरू लागले आहेत, त्याच्यासाठी मात्र काटकसर करू नये. अशा घोड्याला पशुवैद्याच्या देखरेखीखाली वजनाच्या दर किलोमागे सुमारे १० एकके, म्हणजे आपल्या तट्टाला रोज ३,००० एकके, नैसर्गिक प्रकारानेच द्यावीत. महाग औषध थोड्या दिवसांसाठी आणि योग्य जनावराला, स्वस्त औषध नित्यासाठी, अशी विभागणी केली म्हणजे दोन्ही परवडतात. दर किलोमागे २० एककांच्या वर मात्र कोणत्याही घोड्यास जाऊ नये. अति मात्रेने रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड संभवतो.

सेलेनियमचा उल्लेख येथे टाळता येणार नाही, कारण बाजारातील अनेक औषधांत ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची जोडी असते. दोघांचे कार्य परस्परपूरक आहे आणि शिंगरांच्या स्नायुविकारात दोघांचीही गरज पडते. पण सेलेनियमची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. जोड-औषधाची मात्रा ‘ई’ जीवनसत्त्वासाठी दुप्पट-चौपट केली, तर सेलेनियमही तितक्याच पटीने वाढते. २००९ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात पोलोच्या सामन्यापूर्वी चुकीच्या प्रमाणात बनविलेले असेच एक पूरक औषध टोचल्याने २१ घोडे दगावले. सेलेनियमचा अतिरेक हेच त्याचे कारण ठरले. आपल्याच देशात पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागांतील काही जमिनींत सेलेनियम इतके आहे की तेथील चाऱ्याने जनावरांचे खूर व केस गळतात. म्हणून नित्य वापरासाठी सेलेनियमविरहित, केवळ ‘ई’ जीवनसत्त्वाचे औषध घ्यावे आणि जोड-औषधाची सुई पशुवैद्याच्या हातीच राहू द्यावी.

गाभण घोडीचा खर्च सर्वांत आधी करण्याजोगा आहे. गर्भात असताना शिंगराला हे जीवनसत्त्व फारसे पोहोचत नाही. ते मिळते चिकातून. विण्यापूर्वीच्या अखेरच्या महिन्यांत घोडीला पुरेसे ‘ई’ जीवनसत्त्व मिळाले तर चीक सकस होतो आणि शिंगराची रोगप्रतिकारशक्तीही सुधारते.

हे सर्व करूनही स्वस्तातले स्वस्त जीवनसत्त्व हिरवा चाराच राहतो, आणि येथे पंचायतींचा संबंध येतो. धनगरांचे तट्टू वर्षाचा मोठा काळ चरत फिरते. त्याला डबा लागत नाही. पर्यटनस्थळी बांधून ठेवलेल्या घोड्याला चरावयास जागा नाही. माथेरानला २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून संरक्षण आहे. डोंगरावर शेती नाही आणि दाणा-वैरण खालून आणावी लागते. अशा ठिकाणच्या पायथ्याच्या गावांनी गायरानाचा पाणी असलेला तुकडा लसूणघासासाठी राखून ठेवला, तर घोडेवाल्यांना हिरवी पेंढी मिळेल आणि गावाला उत्पन्न. लसूणघास एकदा पेरला की तीन-चार वर्षे उभा राहतो आणि पाण्याची सोय असल्यास महिन्याकाठी कापणीस येतो. त्याची सवय घोड्याला हळूहळू लावावी, एकदम पोटभर घालू नये. अन्यथा पोटशूळ उठतो. गाईम्हशींना चालते ते सर्व घोड्याला चालते, असेही नाही. नेपियरसारख्या गवतातील ऑक्झलेटमुळे घोड्याच्या हाडांतील चुना कमी होतो आणि हिरव्या ज्वारीने त्याचे मूत्राशय व मागचे पाय लुळे पडू शकतात. पशुसंवर्धनाच्या कार्यक्रमांत चाऱ्याचे ठोंब वाटताना हा भेद अनेकदा नजरेआड होतो, तो होऊ नये.

मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याची आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावची यात्रा भरते. परप्रांतांतून मालमोटारींनी आलेली घोडी तेथे हातोहात विकली जातात. खरेदीदार दात पाहतो, चाल पाहतो, भोवरे पाहतो. मागील वर्षभर या जनावराने काय खाल्ले, हे सहसा कोणी विचारीत नाही. यात्रेतील पशुवैद्यकीय पथकांना तेथे दोन गोष्टी सहज करता येतील. विक्रीच्या घोड्याला दहा मिनिटे एका जागी स्थिर उभे करून पायांची थरथर पाहण्याची सवय खरेदीदारांना लावावी, आणि ज्या घोड्याविषयी शंका वाटेल त्याच्या रक्ताचा नमुना तेथल्या तेथे घेऊन काळ्या कागदात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवावा. औषध सुरू केल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा. तो नमुना तालुक्याच्या दवाखान्यातही घेता येतो. पातळी दोनच्या वर गेली असल्यास नैसर्गिक औषधाची मात्रा एकदम न तोडता हळूहळू उतरवून नित्याच्या भुकटीवर आणि हिरव्या पेंढीवर यावे.